पाय कापणं हाच इलाज होता, तेव्हा लिस्टरने एका पोराचा मोडलेला पाय वाचवला

अंधेरी स्टेशनच्या बाहेरचं मेडिकल असो नाहीतर मुलुंडच्या एलबीएस रोडवरचं, काउंटरमागच्या फळीवर लिस्टरीनची बाटली हमखास दिसते. तोंडाला वास येऊ नये म्हणून लोक ती घेऊन जातात. पण हे नाव ज्या माणसावरून पडलं, त्याचा दातांशी काडीचाही संबंध नव्हता. तो सर्जन होता. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जोसेफ लॉरेन्स यांनी हे औषध तयार केलं आणि त्या काळी जगभर गाजत असलेल्या एका इंग्रज सर्जनचं नाव त्याला देऊन टाकलं.

त्या सर्जनचं नाव जोसेफ लिस्टर. तो गाजत होता त्याचं कारण म्हणजे हाड मोडून बाहेर आलेल्या, माती-शेणाने भरलेल्या जखमा त्याने बऱ्या करून दाखवल्या होत्या. त्याच्या आधी अशा जखमेवर डॉक्टरांकडे साधारण एकच उपाय असायचा, तो म्हणजे करवत.

आज कूपर, राजावाडी, भगवती किंवा मुलुंडच्या अग्रवाल हॉस्पिटलच्या ऑर्थो वॉर्डात गेलात तर बाइकवरून पडलेले, रेल्वे रुळांवर जखमी झालेले, बांधकामावरून कोसळलेले पेशंट दिसतात. त्यातल्या काहींचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं असतं आणि त्यांचा पाय बहुतेक वेळा वाचतो. हे कसं शक्य झालं, हे समजून घ्यायचं तर लिस्टरचीच गोष्ट सांगावी लागते.

आधी प्रॉब्लेम काय असतो ते समजून घेऊ

हाड मोडणं दोन प्रकारचं असतं. एकात कातडी शाबूत राहते आणि आत हाड तुटतं. प्लास्टर घातलं, काही आठवडे आराम केला की बहुतेक वेळा ते जुळून येतं. दुसऱ्यात तुटलेलं हाड कातडी फाडतं. याला ओपन फ्रॅक्चर म्हणतात. इथे रस्त्यावरची घाण, कपड्यांचे धागे आणि त्यांच्यासोबत जंतू थेट हाडापर्यंत पोहोचतात.

एकदा जंतू हाडात शिरले की काम अवघड होतं. अपघातात हाडाच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असेल तर तो तुकडा मरतो. रक्त पोहोचत नाही म्हणजे शरीराच्या पांढऱ्या पेशी पोहोचत नाहीत आणि सलाइनमधून दिलेलं अँटिबायोटिकही नीट पोहोचत नाही. जंतू या मेलेल्या हाडावर आणि आत बसवलेल्या प्लेट-स्क्रूवर स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. पाण्याच्या बादलीच्या तळाला बुळबुळीत थर धरतो ना, तसाच. त्या थराखालच्या जंतूंना मारणं फार कठीण असतं.

मग डॉक्टरांना तो मेलेला भाग काढून टाकावा लागतो आणि हाडात पोकळी उरते. आता दोन कामं एकदम करायची असतात. पोकळीत पुन्हा जंतू वाढू द्यायचे नाहीत आणि तिथे नवं हाड तयार होईल अशी सोय करायची. या दोन्ही कामांसाठी जगभर वेगवेगळे पदार्थ तयार केले जातात. त्यांना म्हणतात जंतुविरोधी जैवसामग्री. नाव जड असलं तरी त्यामागचा विचार दीडशे वर्षं जुना आहे.

दारूच्या व्यापाऱ्याचा मुलगा

लिस्टरचा जन्म ५ एप्रिल १८२७ चा. इंग्लंडमधल्या एसेक्समधलं अप्टन हे त्याचं गाव, जे आता लंडनमध्येच येतं. वडील जोसेफ जॅक्सन लिस्टर वाइनचे व्यापारी. पण त्यांना नाद होता मायक्रोस्कोपचा. त्या काळच्या मायक्रोस्कोपमध्ये वस्तूंच्या कडेला रंगीत झालर दिसायची, चित्र स्पष्ट यायचं नाही. लिस्टरच्या वडिलांनी भिंगांची जोडणी बदलून हा दोष बराच कमी केला. या कामासाठी १८३२ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. म्हणजे घरात लहानपणापासूनच डोळ्यांना न दिसणारं जग बघायची सवय होती.

हे कुटुंब क्वेकर पंथाचं. या पंथाच्या मुलांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं तेव्हा बंदच होती. म्हणून लिस्टर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकला. मध्येच त्याला देवी आल्या, मग मन इतकं खचलं की काही काळ शिक्षण सोडून घरी बसावं लागलं. पण तो परत आला आणि १८५२ मध्ये डॉक्टर झाला.

पुढच्या वर्षी तो एडिंबरोला गेला. तिथे जेम्स साइम हे नावाजलेले सर्जन होते. काही आठवडे राहायच्या बेताने गेलेला लिस्टर तिथेच रमला, साइम यांचा सहायक झाला आणि १८५६ मध्ये त्यांची मुलगी ॲग्नेस हिच्याशी लग्न केलं. ॲग्नेस क्वेकर नव्हती, म्हणून त्याला पंथ सोडावा लागला.

या जोडप्याला मूल झालं नाही. ॲग्नेसने लिस्टरच्या प्रयोगांच्या वह्या लिहिल्या. तो सांगायचा आणि ती तासन् तास लिहून घ्यायची. प्रयोगांच्या कामातही ती हातभार लावायची. लिस्टरच्या नावावर जे काम जमा आहे, त्यात तिचा वाटा मोठा आहे.

वॉर्ड, जिथे जखमा कुजायच्या

१८६० मध्ये लिस्टर ग्लासगोला प्राध्यापक झाला आणि १८६१ मध्ये तिथल्या रॉयल इन्फर्मरीत सर्जन. ग्लासगो तेव्हा कारखान्यांचं शहर होतं. यंत्रात हात गेलेले, गाडीखाली पाय आलेले कामगार रोज भरती व्हायचे.

भूल देण्याचं तंत्र १८४६ पासून आलं होतं. त्यामुळे ऑपरेशनमध्ये वेदना कमी झाल्या, पण ऑपरेशनं वाढली आणि त्यांच्यासोबत नंतर कुजणाऱ्या जखमाही वाढल्या. सर्जन रक्ताने माखलेला जुना कोट घालूनच ऑपरेशन करायचे. एका पेशंटच्या जखमेत घातलेली सळई तशीच दुसऱ्याच्या जखमेत जायची. जखमेत पू होणं हा बरं होण्याचाच भाग आहे, असं अनेकांना वाटायचं. रोगाचं खापर दूषित हवेवर फोडलं जायचं.

लिस्टरच्या वॉर्डाची जागाही भयंकर होती. भिंतीला लागूनच, जमिनीखाली काही इंचांवर, १८४९ च्या कॉलऱ्यात मेलेल्यांच्या शवपेट्या पुरलेल्या निघाल्या.

आकडे बघा. नवी पद्धत सुरू होण्याआधीच्या नोंदींमध्ये लिस्टरकडे हात किंवा पाय कापलेल्या ३५ पेशंटपैकी १६ दगावले. जवळपास निम्मे. आणि तो त्या काळातल्या उत्तम सर्जनपैकी एक होता.

त्याच्या डोक्यात एक प्रश्न घोळत होता. कातडी शाबूत असेल तर आत कितीही चेंदामेंदा झाला तरी जखम कुजत नाही. कातडीला जरा छेद गेला की कुजते. मग बाहेरून आत नेमकं काय जातं?

उत्तर सापडलं गटारात

ग्लासगोमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी लिस्टरला फ्रान्समधल्या लुई पाश्चरचे लेख वाचायला सुचवले. दूध नासतं, वाइन आंबते, मांस कुजतं ते सूक्ष्मजीवांमुळे, हे पाश्चरने दाखवलं होतं. जखमही कुजतेच की, असा विचार लिस्टरने केला.

सूक्ष्मजीव दूर ठेवायचे तीन मार्ग पाश्चरच्या कामातून दिसत होते. गाळून घेणं, उकळणं किंवा रसायनाने मारणं. माणसाचा पाय गाळता येत नाही आणि उकळताही येत नाही. उरलं रसायन.

त्याच सुमारास कार्लाइल नावाच्या गावात सांडपाण्याच्या दुर्गंधीवर कार्बॉलिक ॲसिड वापरलं जात होतं. हे कोळशाच्या डांबरापासून निघतं. जुन्या लाल लाइफबॉयचा वास आठवतो? तो याच कुटुंबातला. तिथे दुर्गंधी तर कमी झालीच, शिवाय त्या पाण्यावर वाढलेलं गवत खाणाऱ्या गुरांमधले परजीवीही नाहीसे झाले. हे वाचून लिस्टरने कार्बॉलिक ॲसिड मागवून घेतलं.

मार्च १८६५ मधला पहिला प्रयत्न फसला. लिस्टरने चूक औषधाची न मानता वापरायच्या पद्धतीची मानली आणि योग्य पेशंटची वाट बघत राहिला.

जेम्स ग्रीनलीस, वय वर्षं ११

१२ ऑगस्ट १८६५. ११ वर्षांच्या जेम्स ग्रीनलीसच्या डाव्या पायावरून गाडीचं चाक गेलं होतं. नडगीचं हाड मोडलं होतं आणि कातडीला भोक पडून जखम थेट हाडापर्यंत गेली होती. अशा वेळी पाय कापणं हा सुरक्षित निर्णय मानला जायचा. कारण पाय ठेवला आणि जखम कुजली तर जीवच जायचा.

लिस्टरने पाय ठेवायचं ठरवलं. जखमेवर कार्बॉलिक ॲसिडमध्ये भिजवलेली पट्टी ठेवली, ॲसिड उडून जाऊ नये म्हणून वर धातूचा पातळ पत्रा लावला आणि पायाला फळ्या बांधल्या. चार दिवस पट्टी तशीच राहू दिली.

चौथ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा कुजल्याचा वास नव्हता, पूही नव्हता. ॲसिडमुळे कातडी थोडी भाजल्यासारखी झाली होती, म्हणून पुढे त्याने ते पातळ करून वापरलं. सहा आठवड्यांत हाड जुळलं आणि जेम्स आपल्या दोन्ही पायांवर घरी गेला.

लिस्टर एका केसवर नाचला नाही. त्याने दीड-दोन वर्षं केसेस जमवल्या आणि १८६७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ११ ओपन फ्रॅक्चरची माहिती छापली. त्यातल्या ९ जणांचे अवयव शाबूत राहिले, एकाचा कापावा लागला, एक दगावला. पुढे १८६७ ते १८७० मधले अवयव कापण्याचे आकडे आले. ४० पेशंटपैकी ६ मृत्यू. म्हणजे ४६ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर.

पुट्टी आणि आतड्याचा धागा

आता येऊ आपल्या मूळ विषयाकडे. लिस्टरने जंतू मारले हे बहुतेकांना माहीत असतं. पण जंतुनाशक जखमेजवळ टिकवून कसं ठेवायचं यावरही त्याने डोकं लावलं, हे कमी सांगितलं जातं.

कार्बॉलिक ॲसिड उडून जातं, जखमेतून येणाऱ्या द्रवात वाहून जातं. म्हणून त्याने एक मिश्रण तयार केलं. उकळलेल्या जवसाच्या तेलात कार्बॉलिक ॲसिड आणि त्यात खडूची पूड. भिंतीला लावतात तशी पुट्टीच तयार झाली. मणक्याच्या टीबीमुळे साचलेला पू काढून टाकल्यावर तो जखमेवर ही पुट्टी लावायचा. औषध एकदम न संपता हळूहळू सुटत राहायचं. औषध एखाद्या पदार्थात कोंडायचं आणि जिथे हवं तिथेच हळूहळू सोडायचं, हे आजच्या जैवसामग्रीचं मूळ तत्त्व आहे.

दुसरं काम धाग्याचं. ऑपरेशनमध्ये कापलेली रक्तवाहिनी रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्याने बांधायचे आणि त्याचं टोक जखमेबाहेर लोंबत ठेवायचे. जखम पिकली की धागा ओढून काढायचा. म्हणजे जंतूंना आत जायला दोरीच मिळायची. लिस्टरने जनावराच्या आतड्यापासून केलेला धागा कार्बॉलिक ॲसिडमध्ये मुरवून एका वासराची मोठी रक्तवाहिनी बांधली. महिन्याभराने तपासलं तर धाग्याच्या जागी जिवंत ऊती तयार झालेल्या दिसल्या. १८६९ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. आपलं काम करायचं, जंतूंना थारा द्यायचा नाही आणि शेवटी शरीरात विरघळून जायचं. हाडांच्या जैवसामग्रीकडूनही आज हीच अपेक्षा असते.

प्राण्यांवरचे प्रयोग तेव्हाही वादाचे होते. खुद्द राणी व्हिक्टोरियाने त्याला अशा प्रयोगांविरुद्ध बोलण्याची विनंती केली होती. त्याने नम्रपणे नकार दिला. याच राणीच्या काखेतलं गळू त्याने १८७१ मध्ये बाल्मोरलला कापलं होतं.

विरोध, चुका आणि चांदीची तार

लिस्टरचं सगळ्यांनी लगेच ऐकलं असं अजिबात नाही. क्लोरोफॉर्मचा वापर सुरू करणारे जेम्स सिम्पसन यांच्यासारखे मोठे डॉक्टर विरोधात होते. कार्बॉलिक ॲसिड फ्रान्समध्ये आधीच वापरलं गेलंय, मग यात नवीन काय, असाही आक्षेप होता. लिस्टरचं म्हणणं होतं की महत्त्वाचं रसायन नाही, त्यामागचं जंतूंचं तत्त्व आणि ते पाळायची शिस्त महत्त्वाची आहे. जर्मन सर्जननी मात्र ही पद्धत लवकर उचलली.

त्याचंही सगळं बरोबर होतं असं नाही. हवेतले जंतू मारायला त्याने कार्बॉलिकचा फवारा आणला. ऑपरेशन करणाऱ्यांचे हात सोलवटायचे, श्वास कोंडायचा. हवेपेक्षा हात आणि हत्यारांवरचे जंतू जास्त घातक असतात हे हळूहळू कळलं, तेव्हा १८९० मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्याने फवारा सोडून दिल्याचं उघडपणे मांडलं. बायकांनी डॉक्टर व्हावं याला मात्र त्याचा विरोध होता. १८७६ मध्ये तो अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या परिषदेत आपली पद्धत सांगायला गेला होता. त्याच शहरात दहा वर्षांनी, १८८६ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. या बाबतीत काळ त्याच्यापेक्षा पुढे निघाला.

१८७७ मध्ये तो लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलला आला. तिथे त्याने एक असं ऑपरेशन केलं की लोकांना तो वेडा वाटला. एका माणसाची गुडघ्याची वाटी फुटली होती. कातडी शाबूत होती, म्हणजे जिवाला धोका नव्हता. लिस्टरने चांगला गुडघा उघडला, वाटीचे तुकडे चांदीच्या तारेने एकत्र बांधले आणि पुन्हा शिवलं. जंतू आत गेले असते तर पाय गेला असता, कदाचित माणूसही. पण जखम स्वच्छ भरली. आज फ्रॅक्चरमध्ये रॉड, प्लेट, स्क्रू बसवणं आपल्याला नेहमीचं वाटतं. हाडात धातू ठेवूनही जखम न चिघळता बरी होऊ शकते, हा विश्वास अशा ऑपरेशनांमधून आला.

मुंबईशी काय कनेक्शन?

लिस्टर मुंबईत कधी काम करायला आला नाही. पण त्याचे धागे इथपर्यंत येतात.

पहिला धागा मुलुंडचा. फिलाडेल्फियाच्या त्या परिषदेतून रॉबर्ट वूड जॉन्सन यांनी निर्जंतुक मलमपट्ट्या कारखान्यात तयार करायची प्रेरणा घेतली, असं जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या इतिहासात सांगितलं जातं. कंपनी १८८६ मध्ये सुरू झाली. पुढे हीच कंपनी भारतात आली आणि तिचा कारखाना मुलुंडमध्ये उभा राहिला.

दुसरा धागा परळचा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. तेव्हा लंडनच्या रॉयल सोसायटीचा अध्यक्ष लिस्टर होता. १८९५ ते १९०० अशी पाच वर्षं तो या पदावर होता. त्याच काळात, १८९९ मध्ये, हाफकिन यांनी रॉयल सोसायटीत आपल्या लसींबद्दल व्याख्यान दिलं. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळला गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

शेवटची वर्षं

१८९३ मध्ये इटलीत सुट्टीवर असताना ॲग्नेस गेली. त्यानंतर लिस्टरचं संशोधन जवळपास थांबलं. मानसन्मान येत राहिले. १८९७ मध्ये तो लॉर्ड लिस्टर झाला. १० फेब्रुवारी १९१२ रोजी वॉल्मर इथे वयाच्या ८४ व्या वर्षी त्याचं निधन झालं. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाचा मान मिळू शकत होता, पण त्याच्या इच्छेप्रमाणे हॅम्पस्टेडच्या दफनभूमीत ॲग्नेसच्या शेजारी त्याला पुरण्यात आलं.

दोनच वर्षांत पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि लिस्टरच्या पद्धतीची मर्यादा उघडी पडली. फ्रान्समधल्या लष्करी हॉस्पिटलमध्ये काम करताना अलेक्झांडर फ्लेमिंगने दाखवलं की खोल, फाटक्या जखमांच्या कानाकोपऱ्यात जंतुनाशक पोहोचतच नाही. उलट ते शरीराच्या पांढऱ्या पेशींनाच मारतं. जंतूंना मारेल पण माणसाच्या पेशींना धक्का लावणार नाही असं औषध हवं होतं. १९२८ मध्ये त्याच फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडलं. पुढे ते आपल्या पिंपरीतल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्येही तयार होऊ लागलं.

पीओपी, सिमेंट आणि मण्यांची माळ

पण रक्तच पोहोचत नाही तिथे गोळी-इंजेक्शनचं औषध कसं पोहोचणार? इथे पुन्हा पुट्टीची आयडिया कामाला आली.

१८९२ मध्येच जर्मनीत ड्रीसमन नावाच्या सर्जनने हाडातल्या पोकळ्या कार्बॉलिकच्या पाण्यात कालवलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्या होत्या. हो, तेच पीओपी, ज्याच्या गणेशमूर्तींवरून मुंबईत दरवर्षी वाद होतो. पीओपी म्हणजे कॅल्शियम सल्फेट. शरीरात ते हळूहळू विरघळतं आणि त्या जागी नवं हाड यायला वाव मिळतो.

१९७० मध्ये जर्मनीतल्याच बुखहोल्झ यांनी सांधेबदलात वापरल्या जाणाऱ्या बोन सिमेंटमध्ये जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळलं. हे सिमेंट बांधकामाचं नाही, एक प्रकारचं ॲक्रेलिक आहे. ते घट्ट होताना तापतं, म्हणून उष्णता सहन करणारंच अँटिबायोटिक चालतं. पुढे याच सिमेंटचे मणी तारेत ओवून हाडाच्या पोकळीत ठेवायची पद्धत आली. जखमेच्या जागी औषधाचं प्रमाण खूप जास्त राहतं, बाकी शरीरात कमी. त्यामुळे किडनी आणि कानांवर होणारे दुष्परिणाम टाळायला मदत होते. अडचण अशी की सिमेंट विरघळत नाही. मणी काढायला बहुतेक वेळा दुसरं ऑपरेशन लागतं.

म्हणून आता औषध घातलेले कॅल्शियम सल्फेटचे मणीही वापरतात. ते काही आठवड्यांत विरघळतात. काही पेशंटमध्ये मात्र जखमेतून पाण्यासारखा स्राव येत राहतो, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. दुसरा पर्याय जैवक्रियाशील काचेचा. १९६९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी हाडाला चिकटणारी काच तयार केली. अशा काचेचा एक प्रकार आजूबाजूचा द्रव इतका अल्कधर्मी करतो की अँटिबायोटिक न घालताही जंतूंना तिथे जगणं अवघड होतं. इम्प्लांटवर चांदीचा मुलामा देण्याचे प्रकारही आलेत. हाडांसाठीच्या अशा पदार्थांवर पवईच्या आयआयटीतही संशोधन होतं.

यातलं काहीही वापरलं तरी एक पायरी कोणालाच टाळता येत नाही. मेलेलं हाड आणि सडलेला भाग आधी पूर्ण साफ करावा लागतो. घाणीवर कितीही महाग मणी ठेवले तरी उपयोग होत नाही.

तुमच्या कामाचं काय?

तुमच्यासमोर अपघात झाला आणि हाड बाहेर दिसत असेल तर ते आत ढकलायचा प्रयत्न करू नका. हळद, कॉफी, टूथपेस्ट असलं काही लावू नका. स्वच्छ कापडाने झाका, रक्त वाहत असेल तर हाडाच्या टोकावर न दाबता जखमेच्या कडेने दाबून धरा, पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. अँटिबायोटिक जितक्या लवकर सुरू होईल तितका जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो. त्यामुळे मालिश किंवा हाडवैद्याकडे घालवलेला वेळ महागात पडतो.

ऑपरेशन होऊन काही महिने, कधी काही वर्षं झाल्यावरही जुन्या जागेतून पू येऊ शकतो. नुसती पट्टी बदलून तो थांबत नाही. आत काय चाललंय हे ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून तपासून घ्या. कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं याची तपासणी झाली का, पोकळीत काय भरणार, ते विरघळणारं आहे की पुन्हा काढावं लागणार, एकूण किती ऑपरेशनं लागतील, हे विचारायला लाजू नका. शुगर ताब्यात ठेवणं आणि सिगारेट-तंबाखू सोडणं हा या उपचाराचाच भाग आहे, कारण दोन्हींमुळे हाड जुळायला वेळ लागतो.

आणि अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितलं तितकेच दिवस घ्या. मनाने सुरू करू नका, मध्येच सोडू नका. औषधांना दाद न देणारे जंतू वाढत चाललेत. मण्यांमध्ये, सिमेंटमध्ये किंवा सलाइनमध्ये घालायला लागू पडणारं औषधच उरलं नाही, तर सर्जनच्या हातात पुन्हा तेच उरेल जे जेम्स ग्रीनलीसच्या आधीच्या सर्जनकडे होतं.